गोल्फचं एवढं वेड, मग घरी आल्यावर चिडचिड का? आधी कार्डावरचा आकडा बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४१, वेर्ण्याला फार्मा कंपनीत नोकरी, सव्वा वर्षापासून गोल्फचं वेड, दर रविवारी पहाटे फोंड्याहून निघून चौघांच्या ग्रुपबरोबर खेळायला जाता. गोल्फने संयम वाढतो, माणूस म्हणून आपण मोठे होतो असं कुठेतरी वाचलंत आणि तुमचं मात्र उलटंच चाललंय. राउंड (१८ होलचा एक पूर्ण खेळ) खराब गेला की दुपारभर घरात कोणाशी बोलत नाही, आणि बायको म्हणते, 'जाताना खूश असतोस, येताना कोणीतरी वेगळाच येतोस.' मग तुम्ही विचारलंय की पर्सनल ग्रोथ वगैरे हे सगळं श्रीमंतांचं बोलणं आहे का, आणि खेळ सोडून द्यावा का.

मी २२ वर्षं गोल्फ शिकवतोय. सोडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वहिनींनीच एका वाक्यात मांडलाय. खेळावर एवढं प्रेम आहे तर चार तास त्या प्रेमात घालवून आलेला माणूस असा का असतो? मी त्याच प्रश्नाचं उत्तर देतो, कारण संयम वाढतो की नाही असं नुसतं विचारलं तर त्याला काही अर्थ नाही, काहींचा वाढतो काहींचा नाही वाढत.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर आहेत त्या सांगून टाकतो. मुलं किती लहान आहेत, रविवार हा घरातला एकच मोकळा दिवस आहे का, ग्रुपमध्ये पैसे लावून खेळता का, झोप किती होते. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी आलेला माणूस साडेचारला उठून खेळायला गेला तर सहाव्या-सातव्या होलला तो चिडणारच, तो स्वभाव नव्हे, ती अपुरी झोप आहे. आणि ऑफिसात, गाडी चालवताना, मुलांवर पण असाच भडका उडत असेल तर ते गोल्फ शिकवणाऱ्याचं काम नाही, डॉक्टरांशी बोला, बीपी चेक करा, त्यात लाज कसली.

पण समजा तसं काही नाही आणि चिडचिड फक्त या खेळाचीच आहे. तर तिला कारण आहे. आपण गोव्यातली माणसं फुटबॉलवर वाढलेली, तिथे चुकलं की ओरडायला रेफ्री असतो, पास न देणारा विंगर असतो, ग्राउंडवरचा चिखल असतो. क्रिकेटमध्ये समोर बॉलर असतो. गोल्फमध्ये बॉल गवतावर गप्प बसलेला असतो, कोणी तुम्हाला ढकलत नाही, कोणी घाई करत नाही (तसा ४० सेकंदांच्या आत शॉट मारावा असा नियमांच्या पुस्तकात सल्ला आहे, पण तेही खूप झाले), आणि एवढं असून तो झाडीत जातो. दोष द्यायला माणूसच उरत नाही. मग तो राग आत जातो आणि गाडीत बसून तुमच्याबरोबर फोंड्याला येतो.

आता एक हिशेब करा. तुमचे ११० च्या आसपास शॉट होतात. एका स्विंगला फार तर दोन सेकंद लागतात, म्हणजे सगळे शॉट मिळून पावणेचार मिनिटं पण होत नाहीत. राउंड चार-साडेचार तासांचा. उरलेला सगळा वेळ तुम्ही चालत असता, वाट बघत असता, मागचा शॉट चघळत असता नाहीतर पुढच्याची भीती बाळगत असता. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन प्रॅक्टिस आपण त्या पावणेचार मिनिटांची करतो, उरलेल्या चार तासांची कोणी करत नाही, आणि तुम्ही ज्याला ग्रोथ म्हणता ती झाली तर त्या चार तासांत होते.

राग शरीरात कुठे दिसतो ते पण सांगतो, कारण मी शिकवताना आधी हातच बघतो. बोटं आवळतात, मग मनगट कडक, मग खांदे कानाकडे चढतात. अशा हातांनी क्लब (गोल्फची काठी) मोकळा फिरत नाही, बॉलला लागताना क्लबचं तोंड उघडं राहतं, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे वळत जातो, म्हणजे स्लाइस. त्यात आपल्याकडे दुपार व्हायला लागली की समुद्रावरून वारा सुटतो आणि तो वळलेला बॉल कुठल्या कुठे नेऊन टाकतो. मग आणखी राग, आणखी घट्ट मूठ. लोक मला म्हणतात स्लाइस घालवून द्या, आणि मी त्यांना म्हणतो टूथपेस्टची ट्यूब झाकण काढून हातात धरलीय असं समजा आणि पेस्ट बाहेर येऊ देऊ नका. पहिल्या होलला सगळ्यांना जमतं. एक वाईट शॉट झाल्यावर जमतं का ते बघायचं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या मेसेजमध्ये एक छोटी ओळ आहे, तुम्ही सहज लिहून गेलात: 'स्कोअर १०८-११० येतो, एक-दोन मुलिगन आणि गिमी सोडून.' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्कोअर म्हणजे मारलेले एकूण शॉट, जितके कमी तितकं चांगलं, मुलिगन म्हणजे खराब शॉट मोजायचाच नाही, परत मारायचा, आणि गिमी म्हणजे बॉल होलच्या जवळ आहे म्हणून पट (शेवटचा हलका फटका) न मारताच पडला असं धरायचं. मित्रांमध्ये हे चालतं, मी काही पोलीस नाही. पण मला त्या ओळीत माझीच जुनी गोष्ट दिसली, म्हणून ती सांगतो.

शिकवायला लागायच्या आधीची आहे. मी सेल्समध्ये होतो, मडगावला पोस्टिंग, खेळ नुकताच अंगात भिनलेला. एका होलवर बॉल डावीकडे उंच गवतात गेला. शोधला तर माडाच्या मुळाला टेकून बसलेला. बाकीचे तिघे ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक गवताकडे) पुढे निघून गेलेले. माझ्याबरोबर फक्त कॅडी (खेळाडूची बॅग उचलणारा), लोलयेचा पन्नाशीचा माणूस, बॅग खांद्यावर. मी बुटाच्या टोकाने बॉल वीतभर बाहेर सरकवला, जणू गवतच बाजूला करतोय असा. मान वर केली तर तो समुद्राकडे बघत होता. मुद्दाम बघत होता. त्याने पाहिलं होतं आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याने तोंड फिरवलं होतं. होल संपल्यावर त्याने पेन्सिल काढली आणि विचारलं, 'सर, कितले बरोवं?', किती लिहू. मी म्हटलं पाच. त्याने पाच लिहिले. मारलेले शॉट सात होते, आणि बॉल सरकवून खेळल्याची दोन शॉट्सची पेनल्टी वेगळी.

संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना मला राग आला तो त्या कॅडीचा. का, ते कळायला फार दिवस गेले. त्याच महिन्यात ऑफिसात मी पुढच्या महिन्याची ऑर्डर या महिन्याच्या टार्गेटमध्ये दाखवली होती. घरी बाबांची गोळी आणायची विसरलो तेव्हा मेडिकल बंद होतं म्हणून सांगितलं होतं. बुटाचं टोक सगळीकडे चालत होतं, फक्त गवतात ते मला पहिल्यांदा दिसलं, कारण बघणारा माणूस शेजारी उभा होता आणि काहीच बोलला नव्हता.

दोन-तीन महिन्यांनी परत तोच कॅडी मिळाला. एका होलवर पूर्ण वाट लागली, पाण्यात बॉल, मग बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. त्याने पेन्सिल काढायच्या आधी मीच म्हटलं, 'आठ मारले, एक पेनल्टी. णव बरय,' नऊ लिही. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं. पुढच्या टीवर (होल सुरू होतो त्या जागेवर) गेलो तेव्हा त्याने आपणहून सांगितलं की वर माडांच्या शेंड्यांवर बघा, खाली वारा वाटत नाही पण वर आहे, एक क्लब जास्त घ्या, म्हणजे थोडा लांब मारणारा. तोपर्यंत कितीतरी राउंड त्याने माझी फक्त बॅग उचलली होती. त्या दिवशी माझा स्कोअर महिन्यातला सगळ्यात खराब होता आणि घरी मी नीट जेवलो, नीट बोललो. तेव्हापासून मी हेच बघत आलोय, स्वतःच्या बाबतीत आणि शिकणाऱ्यांच्या बाबतीत, की माणूस खराब खेळल्यामुळे तेवढा कडवट होत नाही जेवढा दोन आकडे सांभाळल्यामुळे होतो, एक मित्रांना सांगितलेला आणि एक स्वतःला माहीत असलेला. तुमचे १०८ खरे मोजले तर बहुतेक ११८ असतील. ते मधले दहा शॉट तुम्ही दुपारभर घरात घेऊन बसता असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर सांगा.

या खेळात हे आजचं नाही. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूचा बॉल उंच गवतात होता, शॉटची तयारी करताना तो किंचित हलला. हललेला फक्त त्याला दिसला, अधिकाऱ्यांपैकी कोणाला दिसला नव्हता. त्याने स्वतःवर एका शॉटची पेनल्टी लावून घेतली. शेवटी टाय झाला, प्लेऑफ झाला आणि तो विली मॅकफार्लेनकडून हरला. तो एक शॉट लावला नसता तर चारही राउंड संपल्यावर तोच जिंकलेला असता. तुमच्या-माझ्या रविवारच्या राउंडला काही यूएस ओपनचं वजन नाही, मग आपल्याला ते अवघड का जातं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं आपल्याला नोकरीत, शाळेत, सगळीकडे आकडा हाच माणूस असं शिकवलेलं असतं, ११८ म्हटलं की आपण ११८ चे झालो असं वाटतं.

म्हणून हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला मिळणारी शॉटची सूट, कसा काढतात ते बघा, मला ती पद्धत मनापासून आवडते. २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली. तुमचे शेवटचे २० स्कोअर घेतात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या ८ वरून सरासरी काढतात, म्हणजे १२ खराब राउंड बाजूलाच पडतात. शिवाय एका होलवर कितीही बट्ट्याबोळ झाला तरी हँडिकॅपच्या हिशेबात त्याला मर्यादा आहे, नेट डबल बोगी म्हणतात, पारपेक्षा (त्या होलला ठरवून दिलेल्या शॉटपेक्षा) दोन जास्त आणि त्या होलवर तुम्हाला मिळणारे हँडिकॅपचे शॉट, त्याच्या पुढे धरतच नाहीत. हँडिकॅपची वरची मर्यादा ५४, म्हणजे अगदी नवशिक्यालाही जागा ठेवलेली आहे. तुमचं चांगलं काय आहे ते बघणारी ही पद्धत, पण ती चालते केव्हा, तर विसाच्या वीस कार्डं खरी असतील तेव्हा. खोट्या कार्डावर काढलेला हँडिकॅप कमी येतो आणि मग स्पर्धेत तुम्हीच मार खाता.

आता हेही तितकंच खरं की नुसतं खेळल्याने काही होत नाही. सिंगल हँडिकॅपचा, म्हणजे दहाच्या आतल्या हँडिकॅपचा, एक खेळाडू मला माहीत आहे, स्विंग बघत राहावा असा, आणि चुकीचा क्लब हातात आला की कॅडीवर सगळ्यांसमोर खेकसतो. इतक्या वर्षांत तसूभर बदललेला नाही. त्याउलट माझ्याकडे एक सर्जन यायचे, साठीच्या जवळ आलेले. पहिल्या दिवशी बादलीतल्या ५० बॉलपैकी निम्मे त्यांना लागलेच नाहीत. ते थांबले आणि म्हणाले, पंचवीस-तीस वर्षांत मला 'चुकलं, परत कर' असं कोणी म्हटलेलं नाही. मी म्हटलं, सर, चुकलं, परत करा. हसले आणि परत केलं. त्यांचा खेळ कधीच फार सुधारला नाही, पण मोठ्या वयात नवशिका व्हायची त्यांची तयारी मला आजही आठवते, मी स्वतः त्यानंतर पोहायला शिकलो. तुम्हाला ४१ व्या वर्षी ते करायला मिळतंय, त्याची किंमत कमी समजू नका.

श्रीमंतांचं बोलणं का, हे विचारलंत. खेळ महाग आहे, ते नाकारून चालणार नाही, आणि गोव्यात तर कोर्सच मोजके, काणकोणला राजबागचा ९ होलचा, मोबोरच्या रिसॉर्टमधला १२ होलचा छोटा, म्हणजे रिसॉर्टच्या दारातूनच आत जावं लागतं. पण एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर होते, त्याच गवतावर शिकून त्याने २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकलं. त्याच्याही आधी १९९१ मध्ये ते जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता. खेळातलं जे शिकण्यासारखं आहे ते पैशावर अडलेलं नाही. आणि दुसरी बाजू पण सांगतो, तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा मला ओळखीचे लोक विचारायचे तू कोणाच्या बाजूने. मी गावाच्या बाजूने होतो. आपल्याला आवडतो म्हणून दुसऱ्याच्या काजूच्या बागेवर आणि विहिरीवर आपला हक्क होत नाही, आणि खेळावरच्या प्रेमाने एवढं तरी कळायला हवं असं मला वाटतं.

मग करायचं काय. पुढचे चार रविवार मुलिगन नाही, गिमी नाही. मित्र घेत असतील तर घेऊ दे, त्यांना उपदेश करू नका, तुमचं कार्ड तुम्ही वेगळं ठेवा. बॉल शोधायला तीनच मिनिटं, २०१९ पासून नियम तसाच आहे, आधी पाच होती, सापडला नाही तर पेनल्टी घ्या आणि परत जाऊन मारा. प्रत्येक होल झाल्यावर आकडा मनात न ठेवता तोंडाने म्हणा, मोठ्याने, 'नऊ' असेल तर 'नऊ'. पहिल्या रविवारी घसा कोरडा पडेल. तिसऱ्या रविवारी नुसता आकडा वाटायला लागतो.

शॉटनंतरच्या वेळेसाठी मी एकच सवय लावायला सांगतो. क्लब कॅडीच्या हातात देताना त्याच्याकडे बघून थँक्यू म्हणायचं, शॉट कसाही गेलेला असो. फेकलेल्या नाहीतर आपटलेल्या क्लबबरोबर थँक्यू म्हणता येत नाही, म्हणून हे चालतं. बॅग स्वतः ओढत असाल तर क्लबचं तोंड टॉवेलने पुसून मगच आत ठेवायचा, आणि तो आत गेला की त्या शॉटबद्दल बोलणं बंद. माझ्याकडच्या बऱ्याच जणांना याचा स्लाइसवरही उपयोग झालाय, कारण पुसताना बोटं सैल होतात.

आणि १८ होल कशाला दर रविवारी? मुलं लहान असतील तर ९ खेळा आणि लवकर घरी या, येताना पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे घेऊन या. फोंडा ते कोर्स जाऊन-येऊन धरलं तर १८ होलच्या मागे अर्धा दिवस जातो, आणि तो दिवस तुमच्या एकट्याचा नाही. घरी पोचल्यावर पहिला अर्धा तास गोल्फ काढूच नका, मुलांनी काय केलं ते विचारा. मग वहिनींना कार्ड दाखवा, खरं कार्ड. गोल्फ कळत नसलं तरी आकडा कळतो, आणि नवऱ्याने ११८ म्हणून सांगितला हेही कळतं.

पाऊस सुरू झाला की तसाही कोर्स चिखल होतो, टप्पा पडला की बॉल तिथेच रुततो, जूनपासून चतुर्थीपर्यंत आपल्याकडे धड खेळणं होत नाही. त्या महिन्यांत बघा तुम्हाला काय आठवतं. बॉल मारल्यावरचा तो आवाज, पहाटेचं ओलं गवत, चालणं आठवत असेल तर खेळ सोडू नका. फक्त ग्रुपमध्ये कोणाचा किती झाला एवढंच आठवत असेल तर थोडा ब्रेक घ्यायला हरकत नाही. घरी हॉलमध्ये पाच फुटांवर स्टीलची वाटी आडवी ठेवा आणि रोज जेवणाआधी २० पट मारा. होलचा व्यास सव्वाचार इंच असतो, वाटी त्याहून लहान घ्या. वीसपैकी किती गेले ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. चार गेले तर चार.